समुद्रावरून कोर्टात आलेली पिशवी

मी कानपूरच्या कारखान्यात शिवलेली एक जुनी कातडी पिशवी आहे. मित्रांनो, माझा पट्टा तुटला आहे आणि खालच्या कडेला मिठाचा पांढरा डाग आहे. आमच्या धाराशिवाकडं समुद्र नाही, म्हणून तो डाग कसा पडला ते आधी सांगते.

१९४१ साली मी मल्लिनाथांच्या हाती आले. तुळजापूरच्या एका कापड दुकानदाराचे ते थोरले चिरंजीव. हैदराबादेत कायदा शिकता शिकता ते युद्धात भरती झाले आणि मद्रासच्या किनाऱ्यावर विमान चालवू लागले. आरमाराच्या जहाजांवर वरून पहारा ठेवायचा, हे त्यांच्या तुकडीचं काम. माझ्यात समुद्राचे नकाशे असत.

एका सकाळी धुक्यात पाण्यावर काळी, लांबट पाठ दिसली. मागे बसलेला सोबती म्हणाला, "पाणबुडी आहे. बाँब टाका." हुकूमही तसाच होता. मल्लिनाथ म्हणाले, "एकदा खाली जाऊन बघू."

खाली गेलो, तर ते पालथं झालेलं गलबत होतं. त्याच्या पाठीवर पाच खलाशी बिलगून बसले होते. मल्लिनाथांनी बिनतारीवरून खबर दिली. पण धुक्यात ती माणसं बोटीला सापडणार कशी? म्हणून बोट येईपर्यंत ते तिथंच घिरट्या घालत राहिले. परतताना पेट्रोल संपलं आणि विमान किनाऱ्याजवळच्या पाण्यात उतरवावं लागलं. खलाशी वाचले, सोबती वाचला, मी भिजले. मल्लिनाथांचा डावा पाय मात्र कायमचा अधू झाला. आधी शाबासकीचं पत्र आलं आणि आठ महिन्यांनी नोकरीतून मोकळं केल्याचं.

त्यांनी कायद्याचं शिक्षण पुरं केलं आणि तुळजापुरात वकिली मांडली. आमच्याकडं तेव्हा निजामाचं राज्य, म्हणून आता माझ्यात नकाशांऐवजी उर्दू कागद आले. बांधाची भांडणं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, वाटण्या. लंगडत चालणारे वकील आणि त्यांच्या खांद्यावरची मी, दोघांनाही लोक ओळखू लागले. ते माझे सुखाचे दिवस होते. दर दसऱ्याला त्यांच्या पत्नी महादेवीबाई मला तेलाचा हात लावत.

मग १९४८चा उन्हाळा आला. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. जवळच्या एका खेड्यात अशाच टोळीनं भर दुपारी दगडोबा नावाच्या शेतकऱ्याचं खळं पेटवलं. आडवा आलेल्या त्याच्या धाकट्या भावाला, महारुद्राला, त्यांनी ठार मारलं. सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं आणि गुन्हेगारांचा शोध सुरू झाला. दगडोबानं नाव सांगितलं, चाँदसाब पिंजारी. टोळीतल्या एकाच्या डोक्याला हिरवा रुमाल होता आणि गावात तसा रुमाल चाँदसाबच बांधायचा.

चाँदसाबला अटक झाली आणि त्याची बायको खातूनबी आमच्या दारात येऊन बसली. "वकीलसाब, आमचा माणूस त्या दिवशी अणदूरला गाद्यांचा कापूस पिंजायला गेलता. पर कोण सांगंना. समदे भ्यालेत."

महादेवीबाई आतून म्हणाल्या, "हे काम घेऊ नगा. गाव तोंड बघणार न्हाय आपलं."

"गावाचा राग खरा हाय," वकील म्हणाले. "पर तो बरोबर माणसावर हाय का, ते जवळ जाऊन बघावं लागंल."

त्यांनी वकीलपत्र घेतलं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी दारावर दगड मारले. अशील येईनासे झाले.

धाराशिवच्या कोर्टात दगडोबा ठाम होता. ओढ्याच्या अल्याडच्या बांधावरून आपण चाँदसाबला पाहिलं, असं त्यानं शपथेवर सांगितलं. वकिलांनी उलटतपासणी फार केली नाही. त्यांनी न्यायाधीशांना जागा पाहायला येण्याची विनंती केली.

ठरल्या दिवशी, त्याच दुपारच्या वेळेला, सगळे त्या बांधावर जमले. वकिलांनी मला दगडोबाच्या पायाशी ठेवलं आणि ते ओढा ओलांडून गेले. थोड्या वेळानं पल्याड, जळक्या खळ्यापाशी, हिरवे रुमाल बांधलेले तीन जण उभे राहिले. न्यायाधीशांनी विचारलं, "यातला चाँदसाब कोण?"

दगडोबानं कपाळावर हात धरून उन्हात निरखून पाहिलं. "त्यो डावीकडचा. त्योच व्हता. म्या इसरणार न्हाय."

डावीकडचा माणूस चालू लागला. तो लंगडत होता.

दगडोबा मटकन खाली बसला, माझ्या अगदी शेजारी. "साहेब, म्या रुमालच बघितला व्हता," तो म्हणाला. "तोंड दिसलंच न्हाय. समदे म्हनले चाँदच आसंल, मग मलाबी चाँदच दिसाया लागला."

चाँदसाब पुढं कोर्टातून सुटला, पण ते त्या बांधावरच ठरलं होतं. वकील मला उचलायला आले, तेव्हा दगडोबानं मान वर केली. "वकीलसाहेब, तुमी जिकलासा. पर माझ्या भावाला मारलं कुनी?"

वकील पाय लांब करून त्याच्याजवळ बसले. "मला ठाऊक न्हाय, दगडोबा. पर आज चाँदसाबला फाशी ठरली असती, तर ते कुणी इचारलंबी नसतं. आता इचारू. अर्ज मी लिवतो."

त्यांनी माझ्यावरच कागद ठेवून पहिला अर्ज लिहिला. गावाचा अबोला पुढं दोन वर्षं टिकला, पण दगडोबा दर पाडव्याला येत राहिला. दर वर्षी एक अर्ज, असे सात झाले. आठव्या वर्षी दगडोबाच राहिला नाही. महारुद्राचे मारेकरी कधीच सापडले नाहीत.

वकीलसाहेबांनाही जाऊन पुष्कळ वर्षं झाली. आता मी त्यांच्या लेकीच्या घरी कपाटावर पडून आहे. चामडं तडकलं आहे, घरात आवराआवर चालली आहे आणि रद्दीवाला दोनदा येऊन गेला आहे.

मित्रांनो, मला टाकलंत तरी माझी तक्रार नाही. पण टाकण्याआधी माझा आतला खण उघडा. तिथं सात अर्जांच्या नकला आहेत. महारुद्राला मूलबाळ नव्हतं. त्याचं नाव आता तेवढ्या सात कागदांवरच उरलं आहे. ते तेवढे वाळवीपासून जपा.