परतभेटीचे पाणी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. बंदराच्या कडेला पत्र्याची एक शेड आहे, असे समजा. आत मोठी शेगडी, भिंतीला टेकवलेल्या लाकडी फळ्या, सगळीकडे ओल्या मिठाचा वास. मागच्या दारातून पायऱ्या उतरल्या की थेट पाणी. आता शेगडीकडे पाहा. अंगावर पोचे आणि बुडाला काजळी असलेला जो दिसतो, तो मी. मी एक जुना टोप आहे.

माझा जन्म कारखान्यातला. अ‍ॅल्युमिनियमची चपटी चकती यंत्रावर गरागरा फिरली, दाबत दाबत तिला खोली आली, मग कान बसवले गेले. दुकानात भावंडांबरोबर मी चकचकीत बसलो होतो. एका तरुण मच्छीमाराने मला उचलले, टिचकी मारली, कान देऊन आवाज ऐकला आणि दुकानदाराला सांगितले की हा बोलका आहे, हाच द्या. तो तरुण पुढे आजोबा झाला. मीही त्याच्याबरोबर म्हातारा झालो.

आमचे काम खेकडे उकडून विकायचे. मुलगा होडी घेऊन जाई, सून शेगडी सांभाळी, आजोबा शेगडीजवळच्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकांची थट्टा करीत. नातीचे नाव त्यांनी चिंगळी ठेवले होते. चिंगळी म्हणजे इवलीशी कोळंबी. तीही कोळंबीसारखीच, एका जागी ठरत नसे.

आजोबांची एक रीत होती. खेकडे लालभडक उकडले की ते मागच्या पायऱ्यांवरून दोरीची बादली सोडत, समुद्राचे पाणी टबात ओतत आणि गरम खेकडे त्यात बुडवत. खेकडे लवकर निवत, कवचाला चकाकी येई. या बुडवण्याला ते परतभेट म्हणत. ज्या समुद्राने खेकडा दिला, त्याची जाता जाता भेट घालून द्यायची, असे त्यांचे म्हणणे.

चिंगळी एकदा म्हणाली, "पण आजोबा, खेकडा तर मेलाय. त्याला काय कळणार?"

"त्याला नाही गं कळत. समुद्राला कळतं."

मग ते टबातला पहिला खेकडा फोडत, अर्धा स्वतः खात आणि बाकीचा तिच्या हातावर ठेवत. तो माझ्या आयुष्यातला सुखाचा काळ.

हळूहळू बंदर बदलले. वस्ती वाढली, पायऱ्यांशेजारी नाला येऊन मिळाला. पाणी मात्र दिसायला तसेच होते. मग एका उन्हाळ्यात ते निवलेल्या चहासारखे कोमट झाले. मित्रांनो, कोमट समुद्रात काही जंतू फार झपाट्याने वाढतात. त्यात नाल्याची घाण आपले जंतू आणून सोडते. त्यांना ना रंग, ना वास. अशाच एका दिवशी परतभेट झाली. चिंगळी शाळेत होती, म्हणून पहिला खेकडा आजोबांनी एकट्यानेच संपवला.

दुसऱ्या दिवशी त्यांना उलट्या, जुलाब सुरू झाले. सुनेला वाटले, ऊन लागले. मग ताप चढला, पाय सुजले. मुलाने त्यांना पाठीवर घेतले आणि दवाखान्यात नेले. त्या दिवशीची काही गिऱ्हाइकेही आजारी पडली, पण बरी झाली. आजोबांचे यकृत आधीपासून कमजोर होते. जंतू त्यांच्या रक्तात भिनले. जाताना त्यांचे स्टूल शेगडीजवळ तसेच राहिले होते. ते परत आले नाहीत.

टोपात खेकडे कच्चे राहिले असतील, असे सगळ्यांना वाटले आणि दोष माझ्यावर आला. मुलाने मला लाथ मारून शेडमागे उपडे टाकले. माझ्यावर जाळी वाळत पडू लागली. मला तोंड नव्हते, आणि असते तरी त्या घरात तेव्हा कोण कोणाचे ऐकत होते? चिंगळी माझ्या बुडावर बसून पाण्याकडे बघत राही. ती बोलायचीच थांबली होती.

मग दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. त्यांनी आधीच बाटल्यांमध्ये पायऱ्यांजवळच्या पाण्याचे नमुने नेले होते. त्या सुनेजवळ फळीवर बसल्या.

"टोपानं त्याचं काम चोख केलं होतं. उकळीत जंतू मेले. पण नंतर तुम्ही खेकडे पायऱ्यांखालच्या पाण्यात बुडवलेत, आणि जंतू त्याच पाण्यात होते."

सुनेने मागच्या पायऱ्यांकडे पाहिले. "म्हणजे बाबांनी आपल्याच हातानं…"

"त्यांना माहीत नव्हतं, ताई. आता तुम्हाला माहीत आहे."

त्या दिवशी मला परत आत आणले गेले. चिंगळीने राखेने घासले. मित्रांनो, मी एक साधे भांडे. तुमच्याकडे एवढेच मागणे आहे की, नितळ दिसणाऱ्या पाण्यावर भुलू नका. शिजवलेले अन्न कच्च्याच्या भांड्यात, न उकळलेल्या पाण्यात परत टाकू नका. माझी सारी आग एका बादलीने वाया जाते.

शेड पुन्हा उघडली. सुनेने परतभेट बंद केली आणि बादली खिळ्याला टांगली. पहिले खेकडे उकडून नव्या, कोरड्या फळीवर निथळत ठेवले. कवचांना चकाकी नव्हती. त्यांच्याकडे बघताना सुनेचे डोळे भरून आले.

चिंगळीने खिळ्यावरची बादली काढली आणि पायऱ्या उतरली.

"चिंगळे, ठेव ती खाली," आई म्हणाली. पोर ऐकेना. भरलेली बादली दोन्ही हातांनी ओढत ती वर आली, तशी आई हात आडवा धरून तिच्या वाटेत आली. "आजोबा कशानं गेले, विसरलीस?"

"नाही विसरले," चिंगळी म्हणाली. "आधी समुद्राला उकळते. मग झाकून निववते. मग भेट."

आईचा हात खाली आला. ती बाजूला झाली.

चिंगळीने बादली माझ्यात रिकामी केली, झाकण ठेवले, माझ्या कडेला एक टिचकी मारून कान दिला, आणि उकळी फुटायची वाट पाहत आजोबांच्या स्टुलावर जाऊन बसली.