काढलेले पार्ट

आनंदरावांना बायकोची थट्टा करायला फारसं निमित्त लागत नसे. मालिनीबाईंना हाक मारली की उत्तर लगेच येत नसे, हा त्यातला सगळ्यात जुना विषय. त्यांना ऐकू कमी येत होतं असं नाही. हाक पोहोचायची, आत कुठंतरी जराशी टेकायची आणि मग सावकाश 'ओ' यायचं. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात काढलेले आनंदराव पाहुण्यांना सांगायचे, "आमची ट्रंक लाइन आहे, कनेक्शन लागेपर्यंत धीर धरा." पोळ्या लाटताना त्या जे काही गुणगुणत त्याची ओळ शेवटाला हमखास उतरायची, जिन्याची शेवटची पायरी चुकावी तशी. शिवाय काम करताना त्या स्वतःशीच पुटपुटत: आता मीठ, आता झाकण, गॅस बारीक. निवृत्तीनंतर दिवसभर घरात बसायची वेळ आल्यावर आनंदरावांना त्या पुटपुटण्याचा कधीकधी वैताग यायचा आणि ते तो बोलूनही दाखवायचे.

ते निवृत्त झाले होते खरे, पण त्यांच्या हातांना ती बातमी कुणी दिलेली नव्हती. भोरच्या आसपासचे बिघडलेले अँप्लिफायर, देवळांचे भोंगे, बँडवाल्यांचे मिक्सर त्यांच्या पुढच्या खोलीत येऊन पडत. भाताची कापणी उरकल्यावर वेल्ह्याकडचा सोमनाथ टेम्पोत गोधडीत गुंडाळून एक जुना सिंथेसायझर घेऊन आला. त्याचे वडील कुंडलिक जत्रांमधून ऑर्केस्ट्रा घेऊन हिंडत, त्या काळातली ही जपानी पेटी. हल्लीच्या कीबोर्डासारखे आयते आवाज तिच्यात भरलेले नव्हते. प्रत्येक स्वर तिच्या पोटातल्या ट्रान्झिस्टर-कपॅसिटरमधून त्या त्या वेळी नव्याने तयार व्हायचा. कुंडलिक गेल्या वर्षी वारले होते.

"काका, आबांच्या वर्षश्राद्धाला भजन हाय," सोमनाथ म्हणाला. "तवा ही वाजली पायजे. आईची लई इच्छा हाय."

"बिघाड काय आहे?"

"काय न्हाई. निस्ती बंद हाय. बटन दाबलं तर उजेड बी पडत न्हाई."

पॉवर सप्लायचे फुगलेले कपॅसिटर बदलल्यावर पेटीचे दिवे लागले. आनंदरावांनी हौसेने मधली एक पट्टी दाबली. काहीच आलं नाही. ते वाकून आत बघणार इतक्यात स्वर आला, सावकाश, कुणीतरी हातातलं काम बाजूला ठेवून आल्यासारखा. थोडा टिकला आणि शेवटाला उतरला. त्यांनी बोट काढून घेतलं तरी स्पीकरमधून बारीक पुटपुट चालूच राहिली.

"अगं, ही तर तुझी बहीण निघाली," त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगितलं, काय काय होतंय तेही सांगितलं. जरा वेळाने आतून मालिनीबाईंचं हसू ऐकू आलं.

एक एक खोड धरून तिच्या मुळाशी जायचं, ही आनंदरावांची पद्धत. उशिरा येणाऱ्या स्वराच्या मागे एक गळका कपॅसिटर निघाला. तो बदलताच पट्टी बोटाखाली चटकन बोलू लागली. खूश होऊन त्यांनी हाक मारली, "मालिनी, ऐक तर!" आणि हाक पुरती व्हायच्या आत उत्तर आलं, "ओ." त्यांना वाटलं ती दारातच उभी असेल. त्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या.

पुढचे काही दिवस त्यांना याची मोठी मौज वाटली. चहा म्हणायच्या आत चहा, चष्मा म्हणायच्या आत चष्मा. "लाइन सुधारली की तुझी," ते म्हणाले. मालिनीबाई लगेच हसल्या.

स्वर उतरत होता तो एका ट्रान्झिस्टरमुळे. यंत्र तापलं की तो ढिला पडायचा. तोही बदलला. दुपारी आतून लाटण्याचा आवाज येत होता आणि त्याबरोबर गुणगुणणं. ओळ शेवटाला आली, आनंदराव सवयीने थांबले आणि ओळ जिथे संपायला हवी तिथे अगदी नेमकी संपली. हातातली कैची तशीच धरून ते पुढच्या ओळीची वाट बघत राहिले. तीही नेमकी संपली. संध्याकाळी पुण्याहून मुलीचा, शुभ्राचा फोन आला. आई आज किती भराभर, मोकळं बोलली, म्हणून ती आनंदात होती. आनंदराव हो हो म्हणाले.

तारांचा माणूस असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. पेटी पेटीच्या जागी, माणूस माणसाच्या जागी. ते स्वतःला हेच बजावत राहिले आणि मनातली शंका खोटी ठरवण्यासाठीच त्यांनी शेवटची खोड काढायला घेतली. पुटपुट एका जुन्या आयसी चिपमधून झिरपत होती. नवी बसवल्यावर पेटी इतकी शांत झाली की चालू आहे की बंद हे कळेना. संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं की आतूनही काही ऐकू येत नाहीये. भांडी वाजत होती, नळ चालू होता, फोडणी तडतडली, पण बाईमाणसाचा आवाज नव्हता. ते उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. मालिनीबाईंनी त्याच क्षणी मान वर केली.

"काही हवंय?"

"तू बोलत नाहीयेस."

"काय बोलू?"

चेहरा तोच, हसू तेच, हातातली पळी धरायची रीतही तीच. कमी झालेलं असं बोट ठेवून काहीच दाखवता येत नव्हतं आणि आनंदरावांना भीती वाटली ती त्याचीच. इतक्या वर्षांत ज्यांची थट्टा केली त्या तीन गोष्टींवाचून आपल्याला ही बाई ओळखताच येत नाही, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं.

पण तोवर काढलेल्या पार्टांची पिशवी गेलेली होती. दुरुस्तीत काढलेला प्रत्येक जुना पार्ट ते गिऱ्हाइकाच्या हातात देत. आपला चांगला माल रिपेअरवाल्याने काढून घेतला नाही, याची या भागात तीच खूण मानतात. पेटी वाजते का ते बघायला सोमनाथ त्याच दिवशी दुपारी, नवी चिप बसवल्यावर लगेच, येऊन गेला होता. वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी टेम्पो घेऊन येतो म्हणाला आणि पार्टांची पिशवी खिशात घालून गेला. आनंदरावांनी आपल्या भंगारातले गळके, अर्धमेले पार्ट पेटीत लावून पाहिले. पेटी खरखरली, चिरकली, भलतेच आवाज काढू लागली, पण तसं थांबून, तसं उतरून बोलली नाही. तेच पार्ट हवे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी एसटी पकडली, नसरापूरला गाडी बदलली आणि दुपारी ते सोमनाथच्या वाडीत उतरले.

सोमनाथ शेतावर होता. त्याची आई सखूबाई ओसरीवर भात पाखडत बसली होती. पिशवी तिने देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली होती. ह्यांच्या पेटीतलं म्हणून टाकवलं नाही, म्हणाली. परत द्यायला मात्र तिने आढेवेढे घेतले नाहीत.

"वहिनी," आनंदरावांनी विचारलं, "कुंडलिकरावांच्या वेळीही पेटी अशीच उशिरा बोलायची ना? स्वर शेवटाला उतरायचा?"

"न्हाई वो भाऊ. बंद पडली तवर झ्याक वाजत व्हती. ह्यांचं बोट पडायचा आवकाश." सखूबाईने सूप खाली ठेवलं. "उशिरा मंजी कशी बोलायची?"

"हाक मारली की जरा थांबायची," आनंदराव म्हणाले. "आणि मग ओ द्यायची."

"आमच्या घरात न्हवतं वो आसलं काय," ती हळूच म्हणाली. "तुमच्याकडंच लागलं आसंल तिला."

घरी येताच त्यांनी नवे पार्ट उपसून जुने डाग देऊन परत बसवले. असा उलटा उद्योग त्यांनी जन्मात केला नव्हता. पट्टी दाबली, स्वर सावकाश आला, टिकला, उतरला. बोट काढल्यावर पुटपुट सुरू झाली. आनंदरावांचे डोळे भरून आले. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि हाक मारली, "मालिनी."

"ओ," स्वयंपाकघरातून तत्क्षणी उत्तर आलं.

ते हलले नाहीत. खोलीत ऊन तिरपं येत होतं, बाहेरून कुणीतरी मोटारसायकल घेऊन गेलं. आणि मग, जितका वेळ जायला हवा तितकाच वेळ गेल्यावर, पेटीतून एक स्वर आला आणि शेवटाला उतरला. त्यांनी कुठल्याही पट्टीला हात लावलेला नव्हता.

वर्षश्राद्धाच्या सकाळी सोमनाथ टेम्पो घेऊन दारात उभा राहिला. पेटी देणार नाही म्हणून सांगायचं आनंदरावांनी रात्रभर घोकलं होतं. पण वस्तू दुसऱ्याची, तिकडे सखूबाई वाट बघत बसलेली, आणि कारण तरी काय सांगणार?

"झाली ना काका, झ्याक?"

"थोड्या खोडी राहिल्यात," आनंदराव म्हणाले. "राहू देत. कुणाला हात लावू देऊ नकोस."

वायर हलक्या हाताने गुंडाळून त्यांनी पेटी गोधडीत लपेटली, वारा लागू नये तशी कड आत खोचली. मालिनीबाईंनी दार धरून ठेवलं होतं. आनंदरावांनी पायात चपला सरकवल्या, कुठे निघालो हे अजून सांगितलेलं नव्हतं, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "सावकाश जा. माझी काळजी करू नका." त्यांचा आवाज सरळ, स्वच्छ, कुठेही न उतरणारा. आनंदरावांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही.

ते टेम्पोच्या मागच्या हौद्यात चढले आणि पेटीला टेकून बसले.

"काका, फुडं बसा की. लई धुरळा येतो मागं."

"येऊ दे."

टेम्पो बाजार ओलांडून नदीच्या पुलावर आला. आनंदरावांनी गोधडीवर कान टेकला आणि हळूच हाक मारली. पुढच्या खिडकीतून सोमनाथने मागे पाहिलं, "काय म्हनला का?" त्यांनी नुसती मान हलवली आणि कान तसाच ठेवून ते थांबून राहिले. उत्तर यायला जरा वेळ लागतो, हे त्यांना ठाऊक होतं.