तेरेक-बुलाकची ओळ

मित्रांनो, मी एक जुना मॅक्रो आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, वजन तर मुळीच नाही. संगणकावरच्या तक्त्यात जे काम पुन्हा पुन्हा करून माणूस कंटाळतो, ते एकदा दाखवले की लक्षात ठेवायचे आणि बटण दाबताच तसेच्या तसे करून टाकायचे, यासाठी माझा जन्म. माझी भावंडे जगभर आहेत. पण मी बुरुलचा आहे, आणि हे मी अजून विसरलेलो नाही.

बुरुल नारिन या डोंगराळ भागातल्या शहरात, रस्ते कार्यालयात कामाला होती. हिवाळ्यात दर शुक्रवारी डोंगरातल्या गावांहून फोन येत: घाटात बर्फ किती, गाडी जाते की नाही. ते ती तक्त्यात भरायची. मग बंद रस्त्यांच्या ओळी लाल करायच्या, साहेबांसाठी एक पान काढायचे, गाडीतळासाठी दुसरे. गाडीतळावरचे चालक त्या लाल रंगापुढे एक चाक हलवत नसत. हे सगळे उरकेपर्यंत तिच्या गावाची, तेरेक-बुलाकची, शेवटची मार्श्रुटका निघून गेलेली असायची. मार्श्रुटका म्हणजे आपली वडापच म्हणा ना.

गावात तिची लेक होती, बेगिमाय. थोरले लेकरू आजी-आजोबांनी वाढवायचे, ही तिकडची रीत. पोरगी आजीला 'आपा' म्हणायची, म्हणजे आई. आणि जन्म देणारीला म्हणायची 'वहिनी'. सासू मायाळू, पोरगी गुटगुटीत, तक्रारीला जागाच नव्हती. पण शनिवारी दुपारी बुरुल पोचली की बेगिमाय आपाच्या मागे लपायची. तिची भीड चेपायला एक रात्र लागायची, आणि रविवारी सकाळी ती मांडीवर येऊन बसते न बसते तोच परतीची गाडी दारात हॉर्न वाजवायची. शुक्रवारची गाडी मिळाली असती, तर अख्खा शनिवार लेक मांडीवर असती. बुरुलला एवढेच हवे होते, आणि ते तिला फार हवे होते.

"अगं, मॅक्रो शिक की," शेजारच्या टेबलावरचे साबिरदादा एकदा म्हणाले. "यंत्राला एकदा दाखवलं की तेच सगळं करतं म्हणे. मग आपण नुसता चहा प्यायचा."

"दादा, तुम्ही आत्ता वेगळं काय करता?" बुरुल म्हणाली. पण त्याच दुपारी तिने नोंदणीचे बटण दाबले आणि मी जन्मलो.

तिने मला सगळ्यात आधी काय शिकवले, सांगू? काम सुरू करायच्या आधी तिने तेरेक-बुलाकच्या ओळीवर टिचकी मारली. ती तिची सवय होती, आधी तिथला बर्फ बघायची. त्या टिचकीचा कामाशी काडीचा संबंध नव्हता. पण मला काय कळते? मी तीही शिकलो.

पुढच्या शुक्रवारी तिने मला चालवले आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच मी पाने काढून दिली. लेकीसाठी घेतलेली केळी पिशवीत घालून बुरुल गाडीतळाकडे पळाली. थोड्या वेळाने ती परत आली, पिशवी तशीच खांद्याला.

"काय गं, काही विसरलीस का?" साबिरदादांनी विचारले.

"गाडीच सोडत नाहीत! चालक म्हणतो, ताई, तुमच्याच कचेरीचा कागद आहे, तेरेक-बुलाक लाल. म्हटलं, अहो, तो कागद मीच केलाय! तर म्हणतो, मग रस्ता बंद आहे हे तुम्हाला माझ्याआधी कळायला हवं होतं."

साबिरदादा हसणार होते, पण तिचे डोळे पाहून त्यांनी तोंडाला लावलेला कप खाली ठेवला.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. त्या आठवड्यात तक्त्यात वरच्या बाजूला एक नवे गाव आले होते आणि खालच्या सगळ्या ओळी एकेक घर सरकल्या होत्या. मला गावे कुठे ठाऊक होती? कितवी ओळ लाल करायची, एवढेच मी घोकले होते. आधी जिथे बंद गाव होते, तिथे आता तेरेक-बुलाक आले होते. मी ते बिनदिक्कत रंगवले, आणि खरोखर बंद असलेला घाट पांढराच ठेवला.

ते दिसताच बुरुलने आधी गाडीतळावर फोन करून त्या घाटाची गाडी थांबवली. नवा कागद पोचेपर्यंत तेरेक-बुलाकचे उतारू पांगले होते आणि शेवटची गाडी रद्द झाली होती. मग तिने गावी फोन लावला. पलीकडून बारीक आवाज आला, "आपा, वहिनीचा फोन आहे!" आणि फोन लगेच आपाच्या हातात गेला. त्या क्षणी मला वाटले, मला पुसून टाकले तरी चालेल.

तिने मला पुसले नाही. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत, एका हातात पाव धरून, ती मला नव्याने लिहीत राहिली. प्रत्येक ओळीपाशी थांब, 'बंद' लिहिले आहे का बघ, असेल तरच लाल कर. मी पाठांतर सोडले आणि वाचू लागलो.

"ती पहिली टिचकी काढ आता, उगाच आहे," साबिरदादा म्हणाले.

"राहू दे, दादा. फक्त गावाचं नाव शोधून जाईल, असं करते."

त्या शुक्रवारी तिला गाडी मिळाली. सोमवारी तिने साबिरदादांना नुसते सांगितले, "शनिवारी दिवसभर मांडीवर होती." त्या दिवशी माझ्याइतके सुखी कोणी नव्हते.

पुढे माझे नाव झाले. साहेबांनी पाठ थोपटली, दुसऱ्या कचेऱ्यांनी माझ्या प्रती नेल्या आणि त्यांतली त्या पहिल्या टिचकीची बिनकामाची ओळ पुसली. मग घाटांच्या बातम्या थेट मोबाइलवर येऊ लागल्या. मला कोणी बोलावेना. शुक्रवार आला की मला तिच्या बोटाची आठवण येई. तिलाही कशाची तरी येत असावी, कारण बेगिमाय आता मोठी झाली होती. मांडीवर बसायचे वय गेले होते, 'वहिनी' मात्र तशीच राहिली होती.

परवा बेगिमाय आपाची औषधे न्यायला शहरात आली आणि आईचे काम संपेपर्यंत कचेरीत बसली. "आम्हाला शाळेत मॅक्रो शिकवतायत," ती म्हणाली. "तुमचा दाखवा ना, वहिनी."

बुरुलने मला संगणकाच्या तळातून वर काढले. पोरीने मला ओळीओळीने वाचले आणि पहिल्याच ओळीवर थबकली. "ही कशाला? हिचा काही उपयोगच नाही. पुसू?" तिचे बोट पुसायच्या बटणावर होते.

"पुसू नकोस गं," बुरुल म्हणाली. "त्या गावात तू होतीस."

बेगिमायने बोट उचलले. मित्रांनो, म्हणून हात जोडून सांगतो (हात नसले तरी): जुन्या कामात एखादी बिनकामाची पायरी दिसली, तर पुसण्याआधी विचारा, ही कोणाची. सांगणारे माणूस समोर आहे तोवरच विचारा.

मग बेगिमायने मला चालवले. मी आधी तेरेक-बुलाकला गेलो, मग कामाला लागलो. तिने पुन्हा चालवले. मग पुन्हा.

"ऊठ आता, शेवटची गाडी सुटेल," बुरुल म्हणाली.

पोरीने पडद्यावरची नजर हलवली नाही. खुर्ची तेवढी आईच्या खुर्चीला चिकटवली.

"सुटू दे," ती म्हणाली.