हिमकमळाची ऊब

नात वनमालाचं लग्न झालं, ते साल २०२२. मांडव उतरतोय तोच शिरूर कासारजवळच्या आमच्या वस्तीवर हिमालयातला म्हणवणारा एक बाबा आला. सकाळची कडाक्याची थंडी, तरी पाराभोवती ही गर्दी! बाबा आधी सगळ्यांना रांजणातल्या गार पाण्यात हात बुडवायला लावी. हात बधिर झाले की मुठीत एक लोकरीसारखं केसाळ, वाळकं फूल देई.

"बर्फात जगणारं हिमकमळ! भोलेनाथांचा श्वास आहे यात. छातीतला कफ वितळेल. गोळ्या शीत असतात, फेकून द्या!"

बाबाच्या स्वतःच्या अंगात दोन स्वेटर होते.

माझा धाकटा भाऊ गहिनीनाथ टीबीचा रोगी. त्यानं गोळ्या बंद केल्या.

"अक्का, हात शेकल्यावानी झाला बघ."

"हात झाला. खोकला कुठं गेला?"

"चार अक्षरं शिकलीस तवापासून देवाशीबी भांडतीस तू."

थोड्याच दिवसांत त्याच्या कफातून रक्त पडू लागलं. तेव्हा मी त्याला आणि शाळेतल्या चैतालीबाईंना घेऊन पारावर गेले. वाटेत बाईंनी माझ्या रानातला मूठभर कापूस वेचून घेतला.

"मामा, पाण्यात हात घाला. आता डोळे मिटा." बाईंनी गहिनीनाथच्या एका मुठीत बाबाचं फूल ठेवलं, दुसरीत कापूस. "सांगा, देव कोणत्या हातात?"

गहिनीनाथ घुटमळला. "दोन्ही सारकेच लागत्यात."

त्याची बायको केसरबाई ओरडली, "आगं बया, ह्यो तर आपला कापूस!"

बाई म्हणाल्या, "बर्फातली झाडं बुटकी राहतात, दगडाला बिलगतात. काही अंगाभोवती अशी लव वाढवतात. गार वारा आत शिरत नाही, उन्हाची ऊब बाहेर जात नाही. ही झाडाची स्वतःची गोधडी. गोधडी तापत नसते, मामा. तुमच्याच हाताची ऊब ती धरून ठेवते. गार पाण्यानंतर तीच जास्त जाणवते."

"श्रद्धा नाही तिथं फळ नाही," म्हणत बाबानं झोळी आवरली.

शेजारचा म्हाळू पुटपुटला, "आसू द्या बाई, लोकास्नी जरा बरं वाटत हुतं."

बाबा पुढच्या गावाला गेला. तिथंही गर्दी झाली म्हणे. सांगून सांगून थकायला होतं, तरी सांगते: चमत्कार दिसला की आधी त्याचं कारण शोधा. आणि कुणाच्याही सांगण्यावरून दवाखान्याच्या गोळ्या सोडू नका.

गहिनीनाथनं गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पण मधल्या खंडात रोग हट्टी झाला होता, गोळ्यांना दाद देईना. ४ जून २०२३ रोजी तो वारला.