गेटाच्या आतलं नाणं

मी पितळेचा एक बिल्ला आहे. वाटोळा, रुपयापेक्षा जरा मोठा, मधोमध भोक पाडलेला. माझ्या एका अंगाला गिरणीचा छाप आहे आणि दुसऱ्या अंगाला 'एक जेवण' एवढीच अक्षरं. सोलापुरातल्या एका कापडगिरणीत माझा सगळा जन्म गेला. गेटाच्या आत मला एका ताटाची किंमत. गेटाबाहेर मात्र मला कुणी फुटाण्याच्या पुडीलाही घेत नाही.

माझं काम साधं. महिन्याच्या एक तारखेला टाइम-ऑफिसच्या खिडकीतून प्रत्येक कामगाराला तीस बिल्ले मिळायचे. बिल्ल्याला दीड रुपया, तो पगारातून आधीच कापलेला. दुपारचा भोंगा झाला की कामगार कँटीनला येणार, लाकडी पेटीत मला टाकणार आणि वाढपी अंबूबाई ताट वाढणार. दोन भाकरी, आमटी, मूठभर भात, शेंगांची चटणी. पेटीत पडताना मी टण्णकन वाजायचो. तो आवाज मला फार आवडायचा. एक माणूस जेवणार, एवढाच त्याचा अर्थ.

बाहत्तरच्या दुष्काळात मी संगप्पाच्या हाती आलो. अक्कलकोटकडच्या एका खेड्यातला गडी, सूतखात्यात नवा लागलेला. उंच, मान खाली घालून चालणारा. त्याची बायको ईरम्मा गावाकडं खडी फोडायच्या कामावर जायची, आणि तीन वर्षांची गौरी तिथंच दगडाच्या ढिगापाशी, लुगड्याच्या सावलीत बसायची. गावच्या विहिरीला गाळ लागला होता. गिरणीमागं एक खोली रिकामी होती. तीस रुपये आगाऊ दिले की दोघींना इकडं आणता येणार होतं. इथं नळाला पाणी तरी येत होतं.

पगारातलं उरलंसुरलं मनिऑर्डरनं गावी जायचं. मग संगप्पानं आपल्या मनानं एक हिशेब केला. एक दिवस जेवायचं, दोन दिवस फुटाणे खाऊन वर पाणी प्यायचं. वाचलेले बिल्ले त्यानं कडदोऱ्याला ओवले. आमी त्याच्या पोटाला लागून असायचो. पोट आत आत चाललेलं आमाला कळायचं की. पण तो खुशीत होता. शेजारच्या यंत्रावरच्या सोमलिंगाकडून त्यानं गावाला कार्ड लिहून घेतलं. "खोली झाली म्हणून समजा. दोन तारखेच्या यष्टीनं या."

महिना संपायला दोन दिवस असताना त्यानं वीस बिल्ले खिडकीत ठेवले.

"हे काय?" कारकुनानं विचारलं.

"म्या जेवलो न्हाय, साहेब. ह्याचे पैशे द्या."

कारकून हसला नाही, रागावलाही नाही. "अरे, हे जेवायला दिलेत. तू जेवला नाहीस, त्याला गिरणी काय करणार? एक तारखेला शिल्लक बिल्ले जमा करून घेतो आम्ही. त्याचं काही मिळत नसतं."

संगप्पानं वीस बिल्ले परत कडदोऱ्याला ओवले. मागच्यांनी ढकललं तेव्हा सरकला.

बिल्ल्याची रोकड करून देणारी गिरणीत एकच जागा होती. कापसाच्या गठड्यांच्या गोदामामागं, दुपारच्या सुट्टीत, खात्याचा मुकादम, जॉबर रुद्रप्पा, पत्ते पिसून बसायचा. तिथं डावावर बिल्ला चालायचा, आणि जिंकणाऱ्याला रोख मिळायची. हरलेले बिल्ले रुद्रप्पा कँटीनच्या ठेकेदाराला अर्ध्या किमतीत द्यायचा; ठेकेदार तेवढी जेवणं झाली म्हणून दाखवून गिरणीकडून पूर्ण पैसे घ्यायचा. त्या वेळी मी पेटीतून नव्हे, थैलीतून कँटीनला जायचो. टण्णकन आवाज नाही, अन् ताटही नाही.

संगप्पानं उभ्या जन्मात पत्त्याला हात लावला नव्हता. "या साधूमहाराज!" रुद्रप्पा म्हणाला. "दोन बिल्ल्याला एक रुपया. तीन पानं बघायची, आनि काय न्हाय. बायकोशी भांडण्याहून सोपं हाय."

सगळे हसले. संगप्पाही हसला. आणि तो जिंकत गेला. अर्ध्या तासात त्याच्यापुढं बावीस रुपये जमले. मी त्याच्या मुठीत होतो.

सोमलिंगानं त्याची बाही ओढली. "ऊठ संगप्पा. खोलीवाल्याला बावीस दे, आट म्होरल्या पगाराला देतो म्हन. ऐकंल त्यो."

"बावीसात खोली?" रुद्रप्पा पानं वाटता वाटता म्हणाला. "म्हशीचा गोटा बघा की मग."

"एक डाव," संगप्पा म्हणाला. "आट रुपयं तर पायजेत."

भोंगा व्हायच्या आत बावीस रुपये गेले, मग आमी वीसही गेलो. संगप्पा उठेना. रुद्रप्पा मऊ आवाजात म्हणाला, "म्होरल्या म्हैन्याचे हायत की. परवा मिळतीलच. खेळ." तेही संगप्पा खेळला. तेही गेले.

एक तारखेला खिडकीतून तीस बिल्ले संगप्पाच्या ओंजळीत पडले. त्यात ठेकेदाराकडून फिरून आलेला मीही होतो. दहा पावलांवर रुद्रप्पा उभा होता. संगप्पानं न मोजता ओंजळ त्याच्या थैलीत रिकामी केली.

दोन तारखेला दुपारी दरवान शिवपुत्र सांगत आला, "संगप्पा, तुझी मंडळी आल्याती."

ईरम्मा गेटाबाहेर उभी होती. डोक्यावर बोचकं, खांद्यावर गौरी. लेकराला सहा दिवस जुलाब. डोळे खोल गेलेले. संगप्पा पळत रुद्रप्पाकडं गेला. काय बोलला ते सांगवत नाही मला. रुद्रप्पानं थैलीत हात घालून मला काढलं. "घे. लेकराला हाय म्हून. परत मागू नगो." तोही बापच होता.

अंबूबाईनं ताट वाढलं, आमटी जरा जास्तच घातली. पण बाहेरचं माणूस आत येऊ शकत नव्हतं आणि ताट बाहेर जाऊ शकत नव्हतं. गिरणीचा नेम. शिवपुत्र हात जोडून म्हणाला, "अण्णा, माजी भाकर जाईल रं." मग त्यानं गेटाकडं पाठ केली आणि रस्त्याच्या पलीकडं बघत राहिला.

संगप्पानं गजांतून हात घातला. आमटीत भिजवलेल्या भाताचा घास गौरीच्या ओठाला लावला. एक घास गेला. दुसरा ओठावरच राहिला. "अप्पा, नीर," ती म्हणाली. आत पाणी आणायला तो वळला, तेवढ्यात ईरम्मानं विचारलं, "अवो, खोली कुटं हाय? हिला जरा निजवती."

संगप्पानं पाण्याचा पेला आणून गजांतून तिच्याकडं दिला. ईरम्मानं पुन्हा विचारलं, "लांब हाय का?"

त्या दोघी कँटीनच्या भिंतीला लागून, बाहेरच्या फुटपाथवर राहिल्या. मी आतून, पेटीतून ऐकत होतो. चार दिवस गौरीचं कण्हणं येत होतं. पाचव्या दिवशी ईरम्माचं रडणं आलं. पुढं ती यष्टीनं गावी गेली. जाताना ती नवऱ्यावर ओरडली नाही, असं सोमलिंग अंबूबाईला सांगत होता. ओरडली असती तर बरं झालं असतं, असंही म्हणाला.

त्याला आता सात वर्षं झाली. माझ्यावरची अक्षरं झिजली, नुसती बोटाला लागतात. ईरम्मा परत आली नाही. संगप्पा रोज जेवतो. चवीनं नाही, पण ताट स्वच्छ करतो. पत्त्यांचा फड अजून बसतो, तिकडं तो बघत नाही.

परवा श्रीमंत नावाचा नवा गडी रांगेत बिल्ले मोजत होता. निम्मे बिल्ले त्यानं धोतराच्या गाठीत बांधले. संगप्पानं विचारलं, "कशाला ठेवतोस?"

"घरला पैशे धाडायचे हायत, मामा. वाचवतोय."

संगप्पानं ती गाठ सोडली आणि मला पेटीत टाकलं. "बस. आदी जेव," एवढंच म्हणाला, आणि श्रीमंत जेवेपर्यंत समोर बसून राहिला.

बाबांनो, माझं मागणं लई मोठं नाही. कुणाला घामाचं मोल द्यायचं असेल, तर ते गेटाबाहेर चालेल असं द्या. ते जमत नसेल तर त्याला पहिल्या दिवशी, पहिल्या खिडकीला तोंडानं सांगा की हे फक्त जेवणच आहे. संगप्पाला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्यावर लिहिलेलं होतं खरं, पण त्याला वाचता येत नव्हतं.