शेजारच्या मशीनचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे आणि मला माझ्या शेजाऱ्याचा मत्सर वाटतो. आधीच सांगून टाकलेलं बरं. या वयात खोटं बोलून मला काय मिळणार?

सांगलीत डॉक्टर संयोगिताबाईंची लॅब आहे. बावीस वर्षांपूर्वी एका लाकडी पेटीतून मी तिथं आलो. पेटी उघडल्याबरोबर बाईंनी मला आपल्या रुमालानं पुसलं. तेव्हापासून साताऱ्याच्या, सांगलीच्या, पार जतकडच्या माणसांच्या अंगातल्या गाठींचे काप माझ्या भिंगाखालून गेले. बाई चष्मा काढून ठेवायच्या, माझ्या नळीला डोळा लावायच्या आणि चहा गार झाला तरी उठायच्या नाहीत. "हा माझा उजवा डोळा बरं का," असं पाहुण्यांना सांगायच्या. मी असा फुगायचो म्हणून सांगू!

मग गेल्या वर्षी ते आलं. पांढरंशुभ्र, दिवे लुकलुकवणारं मशीन. काचेची पट्टी पोटात घ्यायची, तिचं चित्र मोठ्या पडद्यावर दाखवायचं आणि पेशी मोजून टक्का सांगायचा, हे त्याचं काम. बाईंची मान दुखायची थांबली आणि मी कोपऱ्यात गेलो. खंडेनवमीला बाईंनी झेंडूचा हार आणला तो थेट त्याच्या गळ्यात! त्याला मेल्याला गळा तरी आहे का? माझ्या वाट्याला तुटून पडलेली दोन फुलं आली. माझा नुसता जळफळाट झाला. याचा आकडा एकदा तरी चुकावा, चारचौघांत याची फजिती व्हावी, एवढंच मी रोज मागू लागलो.

हा आकडा कशाचा, ते सांगतो. स्तनाच्या कर्करोगात काही गाठींच्या पेशींमध्ये एक खास प्रथिन असतं. ते असेल तर ठरावीक गोळी लागू पडते आणि गाठ परत येण्याची भीती कमी होते. नसेल तर ती गोळी देऊन उपयोग नाही. रंग लावल्यावर प्रथिन असलेल्या पेशी तपकिरी दिसतात. म्हणजे पुढची कितीतरी वर्षं त्या तपकिरी ठिपक्यांवर ठरतात.

राहीबाई साताऱ्याकडच्या एका खेड्यातल्या. त्यांचे यजमान नाथाजी फौजेतून निवृत्त झालेले. साताऱ्यात राहीबाईंचं ऑपरेशन झालं आणि काढलेली गाठ डबीत घालून नाथाजी एसटीनं आमच्याकडे निघाले. शनिवारी संध्याकाळी पोचले तर लॅब बंद. सांगलीतच त्यांचे मेहुणे नानासो राहतात, तिथं मुक्काम करून सोमवारी डबी दिली. आमच्या तंत्रज्ञ फरीदानं गाठीचे तुकडे मेणात बसवले, मेणाचा पापुद्र्याएवढा काप काढून काचेवर घेतला आणि रंग दिला. मशीननं मोजलं. शून्य टक्के.

आठ दिवसांनी नवरा-बायको रिपोर्ट न्यायला आले. बाईंच्या हातात पेन होतं, पण सही होईना.

"इतकी शांत, सावकाश वाढणारी गाठ, आणि एकदम शून्य? अशा गाठीत ते प्रथिन बहुधा असतंच," असं पुटपुटत त्या उठल्या. कोपऱ्यात आल्या. माझ्यावरचं फडकं त्यांनी ओढलं, मित्रांनो! किती महिन्यांनी त्यांची पापणी माझ्या नळीला लागली.

गाठीच्या कडेला दुधाच्या निरोगी नळ्या होत्या. त्यांच्यातल्या काही पेशी नेहमी तपकिरी होतातच. त्याही कोऱ्याच! रंग बरोबर लागतो की नाही हे कळावं म्हणून त्याच काचेवर प्रथिन नक्की असलेला दुसरा एक तुकडा ठेवलेला असतो. तो मात्र झकास तपकिरी होता. मशीनला फक्त गाठीतल्या पेशी मोजायला सांगितलं होतं, त्यानं बिचाऱ्यानं तेवढंच केलं. बिचाऱ्यानं हे मी आज म्हणतोय. त्या क्षणी मी म्हणालो, झाली एकदाची फजिती!

"फरीदा, रंग चुकला नाही. तुकडाच खराब होऊन आलाय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दोघांना आत बोलावलं. "काका, डबी आणताना वाटेत काही झालं होतं का?"

"काय न्हाई, मॅडम." नाथाजी ताठ उभे राहिले.

राहीबाईंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. "आवं, सांगा की खरं. माझ्या जिवाचा सवाल हाय."

नाथाजींची मान खाली गेली. "झाकण गळत हुतं. त्या औषधाच्या वासानं सगळ्यांचं डोळं झोंबाय लागलं. कंडक्टर म्हणला, डबी घिऊन खाली उतरा. मग कराडच्या स्टँडवर ते पानी ओतलं आन् इकतचं चांगलं पानी भरलं. म्हणलं, सोच्छ पानी हाय, बरंच की. लाजंपायी कुणाला बोललो न्हाई."

फरीदानं कपाळाला हात लावला. "अहो काका, ते फॉर्मालिन होतं! तुकडा कुजू नये म्हणून घालतात ते. दोन दिवस साध्या पाण्यात राहिल्यावर काय उरणार त्यात?"

"म्हंजी ती गोळी मला मिळालीच नसती व्हय?" राहीबाईंनी विचारलं.

"मी सही केली असती, तर नसती मिळाली," बाई म्हणाल्या.

माझा सगळा आनंद तिथंच उतरला. मी मशीनची फजिती मागत होतो, आणि ती राहीबाईंच्या पानात वाढून ठेवली होती. मला माझी लाज वाटली.

आता एकच आशा होती. ऑपरेशनआधी सुईनं काढलेला बारीक तुकडा साताऱ्याच्या दवाखान्यात मेणाच्या वडीत ठेवलेला होता. तो चांगला असला तर खरं कळणार होतं. नाथाजी पाणीही न पिता निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती वडी स्टीलच्या डब्यात घालून, वर ओला टॉवेल गुंडाळून परत आले. "मेन हाय, उन्हानं वितळंल," म्हणत वाटेत त्यांनी डबा मांडीवरून खाली ठेवला नव्हता. फरीदानं लगेच काप काढले.

रंग होऊन पट्टी मशीनच्या पोटात गेली, तेव्हा सगळे पडद्यासमोर उभे होते. मी कोपऱ्यातून बघत होतो. मोजणी सुरू झाली. अकरा. तीस. वाढ रे बाबा, वाढ! हे मीच म्हणत होतो, मित्रांनो, त्या मेल्या मशीनला. पंचावन्न. अठ्ठ्याहत्तर. आकडा नव्वदवर थांबला.

"गोळी लागू पडायची चांगली आशा आहे," बाई म्हणाल्या.

राहीबाई पदर तोंडाला लावून रडल्या. मग डोळे पुसत नवऱ्याला म्हणाल्या, "पाच वर्सं रोज गोळी तुमीच माज्या हातात द्यायची. आन् मधी तुमचं डोकं चालवायचं न्हाई!" नाथाजी हसले आणि हसता हसता त्यांनाही रडू आलं. माझ्याकडे कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मित्रांनो, कुणाच्या गाठीची डबी तुमच्या हाती आली, तर आतलं औषध ओतू नका. वास सोसा, झाकण घट्ट लावा, वेळेत पोचवा. आणि हातून चूक झालीच तर लाजेपायी लपवू नका. मी काय आणि ते मशीन काय, समोर ठेवलेलं तेवढंच आम्हाला दिसतं. वाटेत काय घडलं ते माणसानंच सांगावं लागतं.

माझा मत्सर गेला का म्हणता? छे हो! कालच त्याला नवं निळं कव्हर आलंय आणि मी सकाळपासून धुसफुसतोय. पण त्याचा आकडा चुकावा असं मागणं मात्र मी सोडलंय. प्रत्येक पट्टीवर कुणाचं तरी नाव असतं, आणि हल्ली मी ते आधी वाचतो.