अर्ध्या तासाची कुस्ती

साठ सालची चैत्रातली जत्रा तोंडावर आली होती. पौडला आखाड्याची माती उकरायचं काम चाललं होतं आणि बांधावर बसलेल्या हैबतरावांच्या तोंडाला खळ नव्हता. कारण यंदा पंचांनी ठरवलं होतं, कुस्ती अर्धा तासच खेळवायची, निकाल लागला नाही तर बरोबरीत सोडवायची.

"ही काय कुस्ती झाली व्हय? ह्या भैरूची आन् चांद्याच्या धुळा पैलवानाची मागं दुपारी लागली, ती दिवेलागणीला निकाली झाली. यक मानूस जागचा हलला न्हाई. व्हय का न्हाई रं, भैरू?"

माती उकरणारा भैरू त्यांच्याकडं वळला. कुणी हाक मारली की तो अख्ख्या अंगानंच वळायचा.

"आमी दोघंबी तासाभरात थकलो हुतो, हैबतराव. कुनी सोडवतंय का म्हून वाट बघत हुतो. पर तुमीच कडंला उभं राहून वरडत हुता, सोडवू नगा म्हून."

हैबतराव बांधावरून पुढं सरकले. मग म्हणाले, "पर सोडवली असती, तर तू जितला नसतास."

"नसतो जितलो," भैरूनं फावडं उचललं. "पर मान वळली असती."